गाव सोडलेल्यांचे मत: सीमेवर, परदेशात आणि उसाच्या फडात

कळंब तालुक्यातल्या कुठल्याही गावाची मतदारयादी घ्या आणि गावातल्या जाणत्या माणसाजवळ बसून एकेक नाव वाचत जा. ‘हा फौजेत’, ‘ही दोघं कारखान्यावर’, ‘हा दुबईला’, ‘ह्याचं बिऱ्हाड पुण्याला’ अशी उत्तरे पानोपानी येतील. नावे गावात आणि माणसे बाहेर, हे मराठवाड्याच्या या दुष्काळी पट्ट्याचे जुने वास्तव आहे. या माणसांचे घर, शेत, रेशनकार्ड, भावकीचे वाद आणि मुलांच्या लग्नाची बोलणी सगळे इथेच असते. मतदानाच्या दिवशी मात्र ती इथे नसतात.

त्यांच्या मताचे काय होते, हा एकच प्रश्न आहे. कायद्याने त्याची तीन वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. जवानाकडे मतपत्रिका चालत जाते. परदेशातल्या नागरिकाने मतपत्रिकेकडे चालत यायचे असते. ऊसतोड कामगाराचा तर कायद्याने विचारच केलेला नाही. या तिन्ही वाटांचा हा आढावा आहे. तो घेताना माझी भूमिका आधीच सांगतो. गाव सोडून गेलेल्या माणसाचेही मत त्याच्या गावातच मोजले जावे, हे तत्त्व आपण १९५० सालीच मान्य केले आहे. ते फक्त एका वर्गापुरते राबवून बाकीच्यांना वाऱ्यावर सोडणे न्यायाचे नाही.

जवानाचे मत

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० मध्ये सैनिकांसाठी खास तरतूद आहे. माणूस जिथे सामान्यतः राहतो तिथला तो मतदार, हा सर्वसाधारण नियम. सैनिकाच्या बाबतीत कायदा असे धरून चालतो की नोकरी नसती तर तो जिथे राहिला असता, तिथलाच तो रहिवासी आहे. त्यामुळे इटकूरचा किंवा शिराढोणचा मुलगा लडाखमध्ये तैनात असला, तरी मतदार म्हणून तो आपल्या गावचाच राहतो. अशा मतदाराला ‘सेवा मतदार’ म्हणतात. भूदल, नौदल आणि हवाई दलाबरोबरच सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांसारखी दले, राज्याबाहेर तैनात असलेले राज्याचे सशस्त्र पोलीस आणि परदेशी वकिलातींत काम करणारे सरकारी कर्मचारीही यात येतात.

त्यांची नोंदणी तहसील कार्यालयाच्या खिडकीवर होत नाही. सैनिक नमुना २ भरतो आणि तो त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयामार्फत पुढे जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे कार्यालय बेळगावला, तर महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला आहे. मग नाव मतदारसंघाच्या यादीच्या अगदी शेवटच्या भागात, सेवा मतदारांमध्ये लागते. इथे एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. भरतीआधीच अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे नाव गावच्या यादीत बहुधा आधीपासून असते. सर्वसाधारण आणि सेवा अशा दोन्ही याद्यांत नाव ठेवता येत नाही, त्यामुळे सेवा मतदार होताना गावच्या यादीतले नाव काढावे लागते.

सैनिकाला टपालाने मत देण्याचा हक्क १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानेच मिळाला, पण तो हक्क बराच काळ कागदावरच राहिला. मतपत्रिका छापता येते ती उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यावर. छापलेली मतपत्रिका टपालाने छावणीत, तिथून चौकीवर आणि मत नोंदवल्यावर त्याच वाटेने परत, एवढा प्रवास मोजणीआधी पुरा होणे दुर्मीळ होते. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत देशात १३ लाखांहून अधिक सेवा मतदार नोंदलेले होते आणि त्यांच्या मतदानाचे प्रमाण अवघे ४ टक्के होते. देशाची सीमा राखणाऱ्या शंभरांतील शहाण्णव जणांचे मत देशाच्या निवडणुकीत उमटले नाही.

या अडचणीवर पहिला तोडगा त्याआधी, २००३ मध्येच निघाला होता. सैनिक आणि सेना अधिनियम लागू असलेल्या दलांतील जवान आपल्या मतदारसंघात राहणाऱ्या व्यक्तीला प्रतिनिधी नेमून तिच्यामार्फत मत देऊ शकतात. त्यासाठी नमुना १३-एफ भरून निवडणूक अधिकाऱ्याला वेळेत कळवावे लागते. एकदा केलेली नेमणूक रद्द करेपर्यंत चालू राहते. समजा, येरमाळ्याच्या एखाद्या बापाला मुलाने प्रतिनिधी नेमले आहे. तो केंद्रावर जाऊन स्वतःचे मत देतो, तेव्हा शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लागते. मुलाचे मत देताना ती डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लागते. नियमांतच हा फरक करून ठेवला आहे. सोय चांगली आहे, पण मताची गुप्तता घरातल्या माणसाच्या हवाली करावी लागते. कितीतरी तरुण जवानांना त्यामुळे ती नकोशी वाटते.

खरा बदल झाला तो २१ ऑक्टोबर २०१६ च्या नियमदुरुस्तीने. या दुरुस्तीमुळे मतपत्रिका संगणकाच्या जाळ्यातून, म्हणजे ‘ई-टपाला’ने, पाठवता येऊ लागली. निवडणूक आयोगाने सी-डॅकच्या मदतीने ही व्यवस्था उभी केली आणि पुदुच्चेरीतील नेल्लितोप पोटनिवडणुकीत ती प्रथम वापरली.

ती चालते अशी: धाराशिवहून निवडणूक अधिकारी मतपत्रिका संकेतबद्ध करून पाठवतो. तुकडीचा अधिकारी ती उतरवून घेतो आणि सांकेतिक क्रमांक टाकून छापतो. जवान पसंतीच्या नावापुढे खूण करतो आणि मतपत्रिका आतल्या पाकिटात, म्हणजे १३-बी मध्ये, बंद करतो. मग तो १३-ए या घोषणापत्रावर सही करून ते साक्षांकित करून घेतो. घोषणापत्र आणि आतले पाकीट दोन्ही बाहेरच्या १३-सी पाकिटात घालून स्पीड पोस्टाने रवाना होतात. टपालखर्च जवानाला पडत नाही. मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत पाकीट पोचले, तरच ते धरले जाते. टेबलावर आधी क्यूआर कोड तपासतात आणि मगच आतले पाकीट उघडतात. जाताना मतपत्रिका विजेच्या वेगाने जाते आणि परत येते ती टपालाच्याच वेगाने. तरीही एका बाजूचा प्रवास वाचल्याने चित्र पालटले. २०१९ च्या लोकसभेला १८,०२,६४६ सेवा मतदारांपैकी १०,८४,२६६ जणांच्या मतपत्रिका परत आल्या, म्हणजे ६०.१४ टक्के. पाच वर्षांत चारवरून साठ टक्क्यांवर जाणे हे भारतीय निवडणूक प्रशासनाचे मोठे यश आहे आणि ते तसे मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

बाकीच्या दोन सुधारणा थोडक्यात. शांतताकाळातील ठाण्यावर राहणाऱ्या जवानाला तिथलाच सर्वसाधारण मतदार म्हणून नाव नोंदवता यावे, यासाठी वकील नीला गोखले यांच्यासह काहींनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१४ मध्ये ती वाट मोकळी झाली. दुसरी सुधारणा २०२१ च्या दुरुस्तीची. तोवर जवानाबरोबर राहणारी पत्नी सेवा मतदार होऊ शकत होती, पण महिला अधिकाऱ्याचा पती होऊ शकत नव्हता. आता ‘जोडीदार’ असा शब्द आला आणि हा भेद मिटला. जवानाबरोबर राहणाऱ्या सज्ञान मुलांना मात्र ही सवलत अजून नाही.

अडचण उरते ती वेळेची. २०२४ मध्ये आपल्या लोकसभा मतदारसंघात माघारीची मुदत २२ एप्रिलला संपली आणि मोजणी ४ जूनला झाली. मतपत्रिकेला जाऊन येण्यासाठी ४३ दिवस मिळाले. त्याच वर्षी विधानसभेला माघार ४ नोव्हेंबरला आणि मोजणी २३ नोव्हेंबरला, म्हणजे फक्त १९ दिवस. बर्फात अडकलेल्या चौकीवरून १९ दिवसांत पाकीट धाराशिवला पोचवणे हे नशिबाचे काम आहे. राज्यात त्या निवडणुकीला सुमारे १ लाख १६ हजार सेवा मतदार होते.

एवढ्या थोड्या मतांनी काय फरक पडतो, असे कुणी म्हणेल तर त्याने २०२४ चा मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघ आठवावा. मतदान यंत्रांतील मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. अवैध ठरलेल्या १११ टपाली मतपत्रिका तिथे पुन्हा तपासाव्या लागल्या. घोषणापत्रावरची राहून गेलेली सही किंवा चुकीच्या पाकिटात गेलेला कागद खासदार ठरवू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

परदेशातील नागरिकाचे मत

२०११ पर्यंत परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाचे नाव यादीतून सरळ वगळले जात असे. २०१० च्या दुरुस्तीने १९५० च्या कायद्यात कलम २०-ए आले आणि फेब्रुवारी २०११ पासून परदेशस्थ मतदार हा वर्ग अस्तित्वात आला. भारतीय पासपोर्ट आहे आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नाही, अशा माणसाने नमुना ६-ए भरायचा. पासपोर्टवर कळंबचा पत्ता असेल तर नाव कळंबच्या यादीत लागते. पत्त्याची खातरजमा करायला मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरी येतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि इथवर सगळे सोपे आहे.

खरा अडसर पुढे आहे. मत द्यायला त्याने मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर व्हायचे. कतारमधल्या वायरमनने एका मतासाठी रजा काढायची, विमानाचे तिकीट काढायचे, मुंबई किंवा हैदराबादला उतरून कळंब गाठायचे आणि मत देऊन परतायचे! याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ च्या लोकसभेला देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. त्यातल्या २,९५८ जणांनीच मत दिले आणि त्यापैकी २,६७० एकट्या केरळचे होते. तिथल्या आखाती संघटना मतदारांसाठी विमानप्रवासाची सोय करतात, हे त्यामागचे एक कारण. महाराष्ट्रात ५,०९७ नोंदलेल्यांपैकी १७ जणांनी मत दिले. ज्या राज्यातून एवढी माणसे अमेरिकेत, युरोपात आणि आखातात गेली, त्या राज्यासाठी हा आकडा लाजिरवाणा आहे. हा दोष मतदारांचा नाही. सव्वा कोटीहून अधिक भारतीय नागरिक परदेशात राहतात आणि त्यांपैकी सव्वा लाखही यादीत नाहीत. ज्याचा उपयोग करता येणार नाही अशा हक्कासाठी अर्ज कोण भरणार?

यावर उपाय सुचवले गेले, पण तडीस गेले नाहीत. नागेंद्र चिंदम, शमशीर व्ही. पी. आदींच्या याचिकांनंतर आयोगाच्या समितीने २०१४ मध्ये ई-टपाल आणि प्रतिनिधी असे दोन पर्याय पुढे ठेवले. प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेने मंजूरही केले. पुढच्या वर्षी लोकसभा विसर्जित झाली आणि ते व्यपगत झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये आयोगाने विधी मंत्रालयाला कळवले की, सैनिकांसाठीची ई-टपाल व्यवस्था परदेशस्थ मतदारांनाही देता येईल. यंत्रणा तयार आहे आणि जवानांच्या अनुभवातून ती सिद्धही झाली आहे. अडले आहे ते निर्णयाशी.

फडातले मत

आता तिसरी आणि कळंबच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याची बाब: ऊसतोड कामगाराची. उन्हाळ्यात-पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीनंतर ट्रॅक्टर-ट्रकमध्ये संसार भरून निघतात. तालुक्यात रांजणीला साखर कारखाना आहे, तरी पुष्कळ टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात आणि पहाटेपासून कोयता सुरू होतो. हंगाम संपून पट्टा पडला की येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेच्या आगेमागे माणसे परततात.

निवडणुकांच्या तारखा यावर ठेवून पाहा. इथले लोकसभेचे मतदान २०१९ मध्ये १८ एप्रिलला आणि २०२४ मध्ये ७ मे रोजी झाले. तोवर बहुतेक जण गावी आलेले असतात. विधानसभेचे तसे नाही. २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर मतदान होते, म्हणून निभावले. २०२४ मध्ये दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाली, गाळप १५ नोव्हेंबरला सुरू करायचे ठरले आणि मतदान २० नोव्हेंबरला आले. उचल घेतलेल्या माणसाने काय करायचे? थांबला तर मुकादमाचा तगादा आणि गेला तर मत बुडाले. ग्रामपंचायतींचे आणखी अवघड. राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींचे मतदान १५ जानेवारी २०२१ ला आणि पुढे १८ डिसेंबर २०२२ ला झाले. दोन्ही तारखा ऐन हंगामातल्या. पाणी, रस्ता, घरकुल, रोजगार हमी हे सगळे ठरवणारी पंचायत निवडली जात असताना त्याची सर्वाधिक गरज असलेले कुटुंब दोन-तीनशे किलोमीटरवर मोळ्या बांधत असते.

कायद्यात मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटीची तरतूद आहे आणि ती रोजंदारीच्या कामगारालाही लागू आहे. पण टनावर मजुरी मिळणाऱ्या आणि गाव एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या जोडप्याला एक दिवसाची सुटी पुरत नाही. मग उमेदवार गाड्या पाठवतात. लोकसभा-विधानसभेच्या कायद्यात मतदारांना अशी फुकट वाहतूक पुरवणे हे भ्रष्ट आचरण आहे. याची दुसरी बाजूही पाहा. गाडी ज्याची, मत त्याचे, हा दबाव कामगाराने का सोसावा? सरकारने वाट ठेवली नाही म्हणून तो उमेदवाराच्या गाडीत बसतो.

दूर राहून मत देण्याची सोय आपल्या देशाला नवी नाही. विस्थापित काश्मिरी पंडित जम्मू, उधमपूर आणि दिल्लीतील विशेष केंद्रांवर खोऱ्यातील मतदारसंघांसाठी मत देत आले आहेत. २०१९ च्या नियमदुरुस्तीनंतर वृद्ध आणि दिव्यांग मतदारांच्या घरी पथक जाते. २०२४ पासून ही सोय ८५ वर्षांवरील आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना देशभर मिळाली. ही सोय करताना १९५१ च्या कायद्याच्या कलम ६० मधील अधिकारच वापरला गेला. सरकारशी सल्लामसलत करून आयोग कुठल्याही वर्गाला टपाली मतदानासाठी अधिसूचित करू शकतो. आजवर तो अधिकार स्थलांतरित मजुरांसाठी वापरला गेलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल असे दूरस्थ मतदान यंत्र जाहीर केले आणि १६ जानेवारी २०२३ ला पक्षांना प्रात्यक्षिकासाठी बोलावले. बहुतेक विरोधी पक्षांनी हरकत घेतली आणि विषय तिथेच थांबला.

बाहेरच्या जगात

इतर लोकशाही देशांत सुरुवात सैनिकापासूनच झालेली दिसते. ब्रिटनने १९१८ च्या कायद्याने सैनिकांना टपालाने किंवा प्रतिनिधीमार्फत मत देण्याची मुभा दिली. अमेरिकेत १९८६ च्या एकाच कायद्याने सैनिक आणि परदेशस्थ नागरिक दोघांना सामावून घेतले. २००९ च्या दुरुस्तीने मतपत्रिका मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी पाठवणे बंधनकारक केले. विधानसभेच्या आपल्या १९ दिवसांशी हे ताडून पाहावे. फिलिपाइन्सचे लाखो कामगार आखातात आणि जहाजांवर असतात. त्या देशाने २००३ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. फ्रान्सने तर २०१२ पासून परदेशस्थ नागरिकांसाठी संसदेत ११ जागा ठेवल्या. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मत देता येते, पण १४ लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या देशाचा कित्ता आपण जसाच्या तसा गिरवू शकणार नाही. आपल्याला घेण्याजोगी गोष्ट एकच: सैनिकासाठी बांधलेली व्यवस्था हळूहळू बाकीच्यांनाही खुली करत जाणे.

आक्षेप आणि वाट

आक्षेप खरे आहेत आणि ते गांभीर्याने घ्यायला हवेत. मत गुप्त राहील का? जवानाच्या बाबतीत तुकडीची शिस्त आणि साक्षांकनाची पद्धत आहे. आखातातल्या मजुराचा पासपोर्ट पुष्कळदा मालकाकडे असतो, तेव्हा त्याच्या खोलीवर पाठवलेली मतपत्रिका कुणाच्या नजरेखाली भरली जाईल याची खात्री नाही. ऊसतोडीच्या तळावर हा धोका आणखी वाढतो. टोळीच्या मतपत्रिका मुकादमाच्या हाती पडल्या तर ती वीस मते मुकादमाचीच झाली. म्हणून माझे मत असे की, तिघांना एकच औषध चालणार नाही.

जवानाची व्यवस्था चांगली आहे. तिला फक्त दिवस हवेत. माघार आणि मोजणी यांत किमान तीस दिवसांचे अंतर ठेवणे, हा बदल आयोगाच्या वेळापत्रकातच होऊ शकतो. परदेशस्थ नागरिकाला ई-टपाल मतपत्रिका द्यावी, पण ती वकिलातीत जाऊन, तिथल्या अधिकाऱ्यासमोर ओळख पटवून भरायची असावी. ऊसतोड कामगाराला कागद नको, केंद्र हवे: कारखान्याजवळच्या शाळेत, निवडणूक कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली, पडद्याआड, आपापल्या मतदारसंघाच्या मतपत्रिकेवर. काश्मिरी विस्थापितांचा नमुना समोर आहेच. कोण कुठल्या कारखान्यावर गेला हे कळणे अशक्य नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळामार्फत नोंदणी आणि ओळखपत्रांचे काम हाती घेतलेलेच आहे. त्या यादीला मतदार ओळखपत्राचा क्रमांक जोडला की पाया तयार होतो.

एक सोपा मार्ग कायद्याविनाही आहे. गाळपाची तारीख मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरवते. विधानसभेच्या वर्षी ती मतदानानंतर ठेवावी. कारखानदार म्हणतील, कर्नाटक आधी सुरू करतो आणि ऊसही पळतो, मजूरही. हे खरे आहे, म्हणून दोन्ही राज्यांनी मिळून तारीख ठरवावी. ग्रामपंचायतींच्या बाबतीत राज्य निवडणूक आयोगाने डिसेंबर-जानेवारी टाळावा. या निवडणुका केंद्रीय आयोगाच्या ई-टपाल व्यवस्थेबाहेरच्या असल्याने इथे तारखेलाच महत्त्व आहे.

कळंबमध्ये आजच करता येण्यासारखेही बरेच आहे. मुलगा फौजेत असेल तर त्याचे नाव सेवा मतदारांच्या यादीत आहे ना, हे घरच्यांनी विचारावे आणि ते गावच्या यादीतही राहू देऊ नये. परदेशी गेलेल्यांनी आज उपयोग दिसत नसला, तरी नमुना ६-ए भरावा. कारण सरकार आकडा पाहून हलते आणि महाराष्ट्राचा ५,०९७ हा आकडा फार तोकडा आहे. हंगामाला निघण्याआधीच्या ग्रामसभेत किती मतदार बाहेर जात आहेत, याची नोंद घेऊन तसा ठराव तहसीलदारांकडे द्यावा. ही नोंद म्हणजे मागणीचा पुरावा असतो.

२०२४ मध्ये निवडलेल्या विधानसभेची मुदत डिसेंबर २०२९ मध्ये संपेल, म्हणजे पुढचे मतदान पुन्हा दिवाळी आणि गाळप यांच्या मध्येच येणार, हे आजच दिसते आहे. जवानांसाठी नियम बदलला २०१६ मध्ये आणि फळ मिळाले २०१९ मध्ये. तीन वर्षांत एक व्यवस्था उभी राहते, हे आपल्याच देशाने दाखवून दिले आहे. ऊसतोड कामगारांना कलम ६० खाली अधिसूचित करा आणि मोठ्या कारखान्यांजवळ केंद्रे उघडा, ही मागणी मराठवाड्याच्या प्रत्येक आमदार-खासदाराकडून लेखी घ्यायला हवी. जो ती देणार नाही, त्याला २०२९ मध्ये मत मागायला येताना गावाने हाच प्रश्न आधी विचारावा.